धुतलेला डबा

४ जाने., रविवार
बाळ्याचा फोन. कॉलेजची सगळी बॅच एकत्र आणायचा किडा चावलाय त्याला. २५ तारखेला, त्र्यंबक रोडला, अर्थात त्याच्याच फार्महाऊसवर. "ऋणनिर्देशाचं तू बोल अरुण, तुला लिहिता येतं. मित्रांनी आपल्याला कसं घडवलं वगैरे. दहा मिनिटं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."
हो म्हणालो. नाही म्हणायला ही जीभ कधी वळलीय!
ग्रुपवर लगेच जोडलेल्या हातांचा पाऊस. शरदने पिंपळगावहून, स्वतःच्या कोल्ड स्टोरेजमधून, टाकलं: 'आपली पिढी खाल्ल्या मिठाला जागणारी.' मीठ माझ्या आईचं होतं, भाड्या.

५ जाने.
आई देवळ्याहून येऊन पंधरा दिवस झाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता नुसते थेंब. शेजारच्या वहिनी बघायला आल्या तर हिची ठरलेली कॅसेट सुरू. "कॉलेजात हा खोली करून राह्यचा. तीन वर्सं यष्टीनं डबा धाडला बाई. सकाळच्या गाडीला कंडक्टरच्या हातात द्यायचा, सांजच्या गाडीनं रिकामा माघारी. गावातल्या बाकी पोरांचे डबे खरकटे यायचे. माह्या पोराचा घासूनपुसून! पोरगं समोर बसून जेवल्यावानी वाटायचं."
सौ. म्हणाली, "इथं चहाचा कप उचलत नाहीत."
सगळे हसले. मी पेपरात तोंड घातलं.
डबा मी एकदाही धुतला नाही. गौतम धुवायचा.

८ जाने.
भाषणाचे मुद्दे काढायला बसलो. खोलीत आम्ही तिघं. बाळ्या, शरद, मी. गौतम इथल्या शहरातलाच, कॉलनीत घरी राहायचा, पण दिवसभर आमच्या खोलीवर. आईच्या डब्यात चौघांचं भागायचं.
बाळ्याने काय शिकवलं? सिगारेट. शरदने? दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावणं. घडवलं म्हणे!
गौतमने स्टॅटिस्टिक्स शिकवलं, शिव्या घालत. लायब्ररीत हाताला धरून नेलं. आणि शेवटच्या वर्षी भरतीचा फॉर्म स्वतःच भरून समोर धरला, "आज शेवटची तारीख. सही कर, गाढवा." त्या सहीवर आज हा फ्लॅट, ही खुर्ची, आईचं ऑपरेशन. 
तो फॉर्म त्याने दिला ते सगळं झाल्यानंतर. हे आठवलं की पुढे लिहवत नाही.

११ जाने., रविवार
थेंब घालताना आई एकदम म्हणाली, "दुसऱ्या साली दिवाळीच्या मागून तुहा डबा खरकटा यायला लागला होता. मी म्हटलं, आभ्यास असंल." म्हणजे बाईच्या लक्षात होतं! इतकी वर्षं बोलली नाही.
"हो, अभ्यास होता," म्हणालो. 
अभ्यास कसला. घरमालकीण दारात येऊन उभी राहिली होती. गौतमकडे बोट करून म्हणाली, "हा इथं तुमच्या पंगतीला बसणार असेल तर खोली खाली करा. माझ्या देवघराच्या वर खोली आहे." बाळ्या म्हणाला, "बरोबरे काकू, उद्यापासून नाही बसणार." शरद हसला. मी ताटात बघत होतो. वांग्याचं भरीत होतं. मी घास खाल्ला. 
गौतम उठला. नळावर जाऊन डबा धुतला, पालथा ठेवला, गेला. त्यानंतर लायब्ररीत भेटायचा. खोलीवर कधीच नाही.

१२ जाने.
आईला सगळं सांगितलं. धुणारा कोण होता आणि का गेला.
मग म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं मी कोनाचं कौतुक करत होते?"
आणि, "भाकरी कमी पडत नव्हत्या रे. मी चार जास्तीच्याच घालायची."
माझ्याबरोबर जेवली नाही. सौ.बरोबर जेवली.

१३ जाने., भोगी
सकाळी आईचं फर्मान. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, लोणी. जुनाच डबा, तिने येताना देवळ्याहून लोणचं भरून आणलेला. "त्याला नेऊन दे. हातात दे."
ऑफिस सुटल्यावर त्याच्या घरी गेलो. हायस्कूलात गणित शिकवतो तो. मला लगेच ओळखलं. पाणी दिलं. चहा विचारला नाही.
आईचं सांगितलं, डब्याचं, घासूनपुसून वगैरे. तर हसायलाच लागला. "संस्कार वाटले होय आईंना? अरे, भीती होती. ह्याच्या उष्ट्यानं डबा बाटला असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून धुवायचो. घरी मी स्वतःची बशी विसळायचो नाही. आई ओरडायची."
मी म्हणालो, "माझं चुकलं."
"काय चुकलं?"
मला सांगता येईना. त्याने थोडी वाट पाहिली, मास्तर पाहतो तशी. 
"डबा ठेवून जा. आईंना नमस्कार सांग."
रात्री आईला नमस्कार सांगितला, त्याच्या भीतीचंही सांगितलं.

१६ जाने.
भाषणात ते सगळं लिहिलं आणि मूर्खासारखं बाळ्याला पाठवलं. दहा मिनिटांत फोन. "काय काढलंस हे! पोरं होतो रे आपण. ती बाई मरूनसुद्धा गेली. उगाच मूड जाईल लोकांचा. हलकंफुलकं कर. आणि हवं तर त्याला ग्रुपवर ॲड करू की, त्यात काय!"
त्यात काय. शरदने नुसता अंगठा पाठवला.
राग बाळ्याचा येत नाही. तो निदान तोंडाने बोलला होता. मी भरीत खात होतो.

१८ जाने., रविवार
सकाळी गौतम आला. वर आला नाही. गेटवर स्कूटर बंदही न करता डबा हातात दिला. "घाई आहे." 
वर येऊन उघडला. खरकटा. पाच दिवसांचा. भाजी कडेला वाळलेली, लोण्याचा आंबूस वास. 
सौ. म्हणाली, "शी! निदान विसळायचा तरी. शिकलेला माणूस ना!"
मला कळेना, ही चपराक आहे की आणखी काही. विचारायला खाली धावलो असतो तर भेटला असता. नाही धावलो.
आईने डबा मागून घेतला. डोळ्याला अजून नीट दिसत नाही, बोट फिरवून बघितलं. "खाल्लं ना त्यानं?"
"खाल्लं."
"मंग झालं. भ्यायला नाय या टायमाला." डबा माझ्या हातात दिला. "घास. तुही पाळी हे आता."
तीनदा घासला. वास जातच नव्हता. बाळ्याचे दोन मिस्ड कॉल, भाषणाचं विचारत असणार. हात साबणाचे होते.
आई म्हणते, मंगळवारी मेथी करते, परत नेऊन दे. हो म्हणालो. पण तो दारातच पुन्हा विचारेल, काय चुकलं? संध्याकाळपासून ते एक वाक्य लिहितोय. 'मी' इथपर्यंत आलंय.