मला विचारलं तेव्हा

प्रिय आई,

काल आम्ही जिंकलो. पत्राच्या सुरुवातीला 'कशी आहेस' असं विचारायचं असतं, ते मला माहीत आहे. पण ही बातमी पोटात ठेवून बाकीचं लिहायला मला जमणार नाही.

पहिल्यापासून सांगते. मी अजून शिवणकामवाल्या मावशींकडेच आहे, पाच वर्षं झाली. बालकल्याण खात्याने मला त्यांच्या घरी ठेवलं तेव्हा मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही एका शब्दाने टोकलं नाही, फक्त मशीनशेजारी माझ्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं. आता काज-बटणांची सगळी कामं माझ्याकडे असतात. पण या वर्षी मावशींनी साठी ओलांडली, आणि खात्याच्या नियमाप्रमाणे साठीनंतर परक्याचं मूल सांभाळता येत नाही. मला दुसऱ्या गावच्या वसतिगृहात पाठवायचं ठरलं, तेही परीक्षा तीन महिन्यांवर आलेली असताना. हे सांगायला खात्याचे साहेब आले, ते मावशींशी बोलले आणि मला पाणी आणायला आत पाठवलं.

प्रकरण कोर्टात गेलं, मग वकीलताई आल्या. कोर्टाने माझ्यासाठी नेमलेल्या. लहानखुऱ्या, खांद्यावर फाइलींची एवढी मोठी पिशवी की चालताना एका बाजूला कललेल्या. मावशींनी खुर्ची दिली, तरी त्या माझ्याशेजारी चिंध्यांत खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुझी वकील आहे. मावशींची नाही, खात्याची नाही. तुला काय हवंय ते मी कोर्टात सांगणार. मला पटलं नाही तरी सांगणार." मोठ्यांच्या गोड बोलण्याला भुलायचं नाही, हे मी केव्हाच शिकले होते. म्हणून त्यांची परीक्षा घ्यायला म्हटलं, मला कुत्रा हवाय. त्यांनी निमूट लिहून घेतलं आणि दुसरं काय ते विचारलं. मला हसूच आलं. दुसरं मी मावशींकडे राहायचंय असं सांगितलं. तिसरं ऐकून मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. "यात तू पुन्हा दुखावली जाशील अशी भीती वाटते," असं त्या सरळच म्हणाल्या. मी म्हटलं, पटलं नाही तरी सांगणार होतात ना? त्यांनी पेन उचललं.

काल कोर्टात खात्याचे वकील वीस मिनिटं माझ्या हिताबद्दल बोलले. माझं हित कशात आहे हे सगळ्या गावाला ठाऊक, मी सोडून! वकीलताईंनी मावशींच्या डॉक्टरांचा दाखला दिला, माझ्या वर्गशिक्षिकेचं पत्र दिलं, आणि शांतपणे म्हणाल्या की याच नियमाच्या पुढच्या ओळीत कोर्टाच्या परवानगीने सूट दिलेली आहे, ती वाचायची राहिली असेल. तिकडे भराभर पानं उलटायला लागली. मग न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून मला जवळ बोलावलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण मध्ये कुणी मला थांबवलं नाही एवढं आठवतं. अठरा पूर्ण होईपर्यंत मी मावशींकडेच राहणार! कुत्र्याच्या बाबतीत मावशींचा शब्द अखेरचा, असंही बाईंनी सांगितलं. मावशी बाहेर आल्या त्या नाक पुसतच, आणि आभार मानायचे सोडून वकीलताईंना म्हणाल्या की पिशवीचा पट्टा तुटायला आलाय, आत्ताच्या आत्ता द्या, शिवून देते.

आता ते तिसरं, तुला भेटायचं. माझ्या फाइलमध्ये तीन वर्षांपूर्वीचा एक कागद आहे. 'मुलीला आईला भेटण्याची इच्छा नाही.' दारू सोडून, उपचार पुरे करून तू आली होतीस, तेव्हा तोच कागद वाचून दाखवून तुला खात्याच्या दारातून परत पाठवलं, हे मला आत्ता कळलं. मला वाटत होतं, तूच आली नाहीस. त्या कागदावरच्या तारखेला मी कांजिण्या होऊन दवाखान्यात होते, आणि मावशींशिवाय कुणालाच आत सोडत नव्हते. वकीलताईंनी दवाखान्याची नोंद त्या कागदाशेजारी ठेवली, तेव्हा न्यायाधीशबाईंनी दोन्हींवरच्या तारखा बोट ठेवून जुळवून पाहिल्या. तू आजवर थेंबालाही शिवली नाहीस, असं उपचार केंद्राने लिहून दिलंय. कोर्टाची नोटीस तुझ्या जुन्या खोलीवरून परत आली होती, हा पत्ता केंद्रानेच दिला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुला आईला भेटायचंय?" मी म्हटलं, "हो. मला कुणी विचारलंच नव्हतं." आई, मी राहणार मावशींकडेच, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण दर शनिवारी अकरा ते एक खात्याच्या भेटीच्या खोलीत आपण भेटू शकतो, आणि पत्रं लिहायला आजपासून मुभा आहे. हे पहिलं. शनिवारी ये. मी साडेदहालाच येऊन बसणार आहे.

तुझीच,
टिटवी