बल्बाशिवाय लावलेला बोर्ड

उस्ताद, बोर्ड चालू झाला. हे आधी सांगतो, कारण लांबण तुम्हाला सोसत नसे. दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक आपल्या रेडिओची कहाणी सांगू लागलं की तुम्ही हात वर करून म्हणायचे, "चलता क्या नहीं, पहले वो बोलो." चालतो, उस्ताद. लातूरच्या आमच्या बाहेरच्या खोलीत, जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर, मी माझ्या हातानं जोडलेला कॉम्प्युटर चालतो. माझी छाती अशी भरून आली आहे की बायको सारखी येऊन विचारते, दुखतंय का म्हणून.

आता कहाणी ऐका. माझी सून घरांचे नकाशे काढते. एका इंजिनिअरनं तिला घरी बसून करायचं काम कबूल केलं, पण तिच्या जुन्या लॅपटॉपवर मोठा नकाशा उघडला की तो थिजून बसायचा. सोमवारपर्यंत चांगली मशीन असेल तर काम तुमचं, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे, असं त्यानं तोंडावर सांगितलं. मुलगा म्हणाला, हप्त्यावर तयार घेऊ. मी सहज बोलून गेलो की सुटे भाग आणून घरी जोडला तर तेवढ्याच पैशात दणकट होतो; फोनवर बघून बघून तेवढं मला कळलं होतं.  मुलगा हसला, "आबा, रेडिओ हाय का हे?" सून हसली नाही. ती म्हणाली, "मामा, तुमीच जोडा. तुमी जोडलेलं बंद पडत न्हाई." झालं, माझी झोप उडाली. मी अजून तसाच आहे, उस्ताद. गॅस बंद केला का ते उठून उठून बघतो, कुलूप लावून परत ओढून बघतो. शाळा अर्धी सुटलेला माणूस मी, इंग्रजी अक्षरं एकेक जुळवून वाचतो, आणि त्या पोरीची नोकरी माझ्या हातात आली.

बाकीचे भाग ठरले. घोडं अडलं मदरबोर्डावर. सगळं त्याच्यावरच बसतं. तो हलका निघाला तर वर कितीही भारी माल लावा, उपयोग नाही. घेतला नांदेडला जाऊन, कारण त्या कंपनीचं दुरुस्तीचं ठिकाण तिथं आहे. काही झालंच तर बोर्ड कुठं लांब पाठवून महिनाभर वाट बघायला नको. सून सोबत होती. तुमच्या दुकानावरून गेलो. तिथं आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. पुढच्या गल्लीतल्या दुकानदारानं खोका उघडला. "चाचा, ये लेके जाव. रंग रंग की लाईटां हैं इसमें, देखते रह जाते लोगां." बोर्ड खरंच नवरीसारखा नटलेला होता. मी तो उलटा केला.

मी तुमच्या हाताखाली नवा शिकाऊ होतो, तो दिवस तुम्हाला आठवतो का? तुम्ही मला बिलोलीला पाठवलं होतं, दोन जुन्या रेडिओंतला एक निवडून आणायला. मी सोनेरी जाळीचा आणला, रस्ताभर मांडीवर धरून, मोठ्या ऐटीत. तुम्ही समोरून बघितलाच नाही. मागचं झाकण काढलं. आत गंजलेला पत्रा, फुगलेले कंडेन्सर. "मुँह क्या देखता रे? पीठ देख, पीठ!" आणि त्याच पावली मला परत पाठवलं. बसमध्ये मी रडत होतो आणि कंडक्टरला वाटलं, घरात कुणी वारलं.

तर पाठ बघितली. नटलेल्या बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग उघडेच होते, त्यांच्यावर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा तुकडा नाही. आमची खोली पत्र्याची, मे महिन्यात भिंतीला हात लावता येत नाही. तिथं ते किती दिवस टिकणार? दुसरा बोर्ड काळा, बिनरंगाचा, पण त्या जागी जाड ॲल्युमिनियम, सोल्डरचे टाके स्वच्छ, मेमरीसाठी पुढं वाढवायला जादा खाचा. प्रोसेसर नुसता बसून चालत नाही, बोर्डानं तो ओळखावा लागतो, म्हणून सुनेनं कंपनीची यादी फोनवर उघडून खात्री केली. मग मला कोपऱ्यात बारीक दिवे दिसले, मोहरीएवढे. विचारलं, हे काय? दुकानदार म्हणाला, "कुछ नहीं चाचा, खराबी बताने के. चालू करते वखत एकेक जलके बुझ जाता. जहाँ अटका, वहाँ का जलता रहता. कौन देखता इनको!" उस्ताद, मी तिथंच म्हणालो, हाच द्या. त्या बोर्डाच्या पोटात तुमचा सिरीजचा बल्ब होता.

तुमचा बल्ब माझ्याकडेच आहे. लाकडी फळी, होल्डर, पिन. दुरुस्त झालेला कुठलाही रेडिओ तुम्ही सरळ भिंतीत लावत नव्हता. मध्ये बल्ब. तो भडकून पेटला तर आत शॉर्ट आहे, रेडिओ वाचला. लुकलुकून मंद झाला तर तब्येत ठीक. शेवटचं दवाखान्यात जाण्याआधी तुम्ही ती फळी माझ्या हातात दिली. "इसके बगैर किसी कू करंट नक्को देना." मी आयुष्यभर दिला नाही.

रविवारी सकाळी जोडायला बसलो. नळाला हात लावून अंगातली वीज घालवली, बोर्ड नवजात लेकरासारखा पेटीत ठेवला, एकेक स्क्रू पुन्हा पुन्हा बघितला. मग खिळ्यावरून तुमची फळी काढली आणि बल्ब मध्ये लावला. बटण दाबलं. बल्ब भकन् पेटला, पंखा जरासा हलला आणि थांबला. पुन्हा भकन्, पुन्हा थांबला. मुलगा म्हणाला, "गेलं, आबा."  सगळं सोडून पुन्हा जोडलं. तेच. उद्या सोमवार. सून माझ्याशेजारी खाली बसली. "मामा, ह्यो बल्ब मधी कशाला?"

"हात लावू नको त्याला! माझ्या उस्तादाचा हाय."

तिनं हात मागं घेतला. मी बल्ब पुन्हा निरखला. आणि मला कळायला लागलं. रेडिओ घोट घोट वीज पितो. ही नवी पेटी एकदम मोठा घोट मागते, आणि बल्ब तिचा गळा धरतो. बोर्ड मेला नव्हता, उपाशी होता. पण माझा अंदाज चुकला तर? सरळ भिंतीतली वीज, सगळं जळून कोळसा, आणि त्या पोरीनं उद्या काय सांगायचं? मी पुन्हा वाकून बोर्ड बघितला. ॲल्युमिनियम, टाके, खाचा. पाठ मी बघूनच घेतली होती ना?

बल्ब काढला. पिन सरळ भिंतीत. तुम्ही बटण दाबताना जे पुटपुटायचे ते माझ्याही तोंडून गेलं, "बिस्मिल्ला." बायको चमकून माझ्याकडे बघते आहे. पंखे फिरतात. ते मोहरीचे दिवे एकेक पेटतात, एकेक विझतात, आणि शेवटचाही विझतो. विझला, उस्ताद! पडद्यावर अक्षरं आली आणि मुलगा ओरडला, "आबा, लई भारी!" सुनेनं तिचा सगळ्यात मोठा नकाशा उघडला आणि परातीसारखा गरगर फिरवून दाखवला. सोमवारी काम मिळालं. मुलगा आता ज्याला त्याला सांगत सुटलाय, आमच्या आबांनी बनवला. गल्लीतली माणसं फोनवर बोर्डांचे फोटो दाखवायला येतात, आणि मी चष्मा पुसून ऐटीत म्हणतो, "तोंड नको, पाठ दाखवा."

आधी का चालू झाला नाही, असं सगळे विचारतात. मी सांगितलं, प्लग ढिला होता. सुनेनं खिळ्यावरच्या बल्बाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हाव," ती म्हणाली, "प्लगच ढिला हुता." बल्ब पुसून पुन्हा जागेवर टांगला आहे. तो चुकला हे या घरात कुणाला कळणार नाही. तुम्हाला तरी खरं सांगावं म्हणून लिहायला बसलो होतो, पण सगळं लिहून झाल्यावर वाटतं, तुम्हालाही कशाला? कागद घडी करून त्या फळीमागं खोचून ठेवतो. तुमच्यासाठीही, उस्ताद, प्लगच ढिला होता.