कूलरसमोर वाचलेलं पत्र

वैशाली नगर, भिलाई
१८ मे १९८६

तीर्थस्वरूप भैय्यामामांस दीनानाथचा साष्टांग नमस्कार. उकाडा सोडला तर इकडे सर्व कुशल आहे. तुमचा गुडघा नागपूरच्या उन्हात तरी मोकळा झाला असेल, अशी आशा आहे.

आनंदाची बातमी आधी सांगतो. आई वाचू लागली. जवळच्या चष्म्याने डोकं दुखतं आणि दोन नंबरांच्या चष्म्यातून पायरी दोनदा दिसते, म्हणून तीन वर्षं तिने अक्षराकडे पाहिलं नव्हतं (तुमची पत्रं मीच वाचून दाखवायचो, हे ध्यानात ठेवा). शेवटी स्टील प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमधल्या नोकरीचं सगळं ज्ञान पणाला लावून मी विजेवर नंबर बदलणारी काच केली. दोन काचांमध्ये द्रव स्फटिकाचा थेंब. वीज दिली की त्यातले कण वळतात आणि नॉब फिरवाल तसा भिंगाचा नंबर बदलतो. पहिली काच गळली. दुसरीतून भिंतीवरची पाल हातभर दिसली आणि आई दिवसभर त्या खोलीत गेली नाही. तिसरी जमली, पण तुरीच्या डाळीएवढीच. शिवाय तापली की तो द्रव आपलं काम विसरतो, म्हणून आईला थेट कूलरसमोर बसवावं लागतं (सर्दी झाली आहे, पण तिची तक्रार नाही).

परवा तिच्या दूरच्या चष्म्यावर ती काच बसवली आणि नॉब फिरवला. "थांब, आता दिसून राहिलं," ती म्हणाली. हाताशी तुमचं मागचं पत्र होतं. एकेक अक्षर लावत ती वाचू लागली. पुढचं मला पाठ होतं: तुम्ही इथे विसरलेलं डिजिटल घड्याळ नागपूरला येणाऱ्या श्यामरावांबरोबर पाठवून द्यावं. वाचून दाखवताना मी मात्र "घड्याळ दिनाला राहू दे" असं वाचलं होतं. नॉब माझ्याच हातात होता. जरासा फिरवला असता तर सगळं धूसर झालं असतं. पण आईचे ओठ पहिलीतल्या मुलीसारखे हलत होते, आणि मामा, मला फार आनंद झाला. मी नॉब तसाच धरून ठेवला. "श्यामराव"पर्यंत पोचल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. माझं लबाड तोंड ओळखायला तिला कुठलीच काच लागत नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
दीनानाथ

ता. क. द्रव स्फटिक बाजारात मिळत नाही. तो डिजिटल घड्याळात असतो.

ता. क. २. ते घड्याळ तुम्ही मला खरंच दिलं होतं, असं दोन ओळींचं पत्र आईच्या नावे टाका. अक्षर मोठं काढा, आता ती स्वतः वाचते.

ता. क. ३. भैय्या, हे सारं म्या वाचलं. त्याच्यासाठी खोटं लिहू नको. घड्याळ तू मले भाऊबीजेची ओवाळणी दिली असं समज. तीन वर्षांनी आपल्या हातानं लिहून राहिली. ओळ वाकडी गेली ते माह्या हातानं नाही. नॉब धरून बसलेला दिन्या हासून राहिला.
तुही सुशीलाताई