माझी चिता कोणी पेटवायची, याचा फेरविचार

मी, देवाजी लहानुजी गजघाटे, वय ७१ वर्षे, धंदा आता काही नाही, आधी एकतीस हंगाम सावनेरकडच्या गुऱ्हाळावर जाळवा, म्हणजे उसाचा रस कढवायच्या भट्टीत जाळ लावणारा, राहणार प्रताप नगरच्या मागची वस्ती, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचं तसं पत्र सोबत टाचलं आहे. त्यात बीपीबद्दल जे लिहिलं आहे तिकडे लक्ष देऊ नये. कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा दारू पाजून हे लिहून घेतलेलं नाही. दारू मी १९८९ सालीच सोडली. वकीलबाई भैरवी यांनी नमुना दिला होता, तो समोर आहे, पण माझं त्यात मावत नाही. शिवाय मला एका जागी बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून आलो.

१) दिनांक ९ ऑगस्ट २०२२ रोजी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते रद्द. त्यात एक कलम होतं की, माझा मुलगा विक्की याने माझ्या चितेला हात लावू नये, अग्नी माझा पुतण्या अश्विन याने द्यावा. ते कलम तर सगळ्यात आधी रद्द. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप त्या एका कलमासाठीच आहे, घरदार आपलं ओघाने आलं. कारण पुढे सांगतो. आधी वाटण्या उरकतो, नाहीतर वकीलबाई ओरडतात.

२) राहतं घर, खाली दोन खोल्या आणि वर टिनाची एक, हे मुलगा विक्की आणि मुलगी रोशनी यांना निम्मं निम्मं. रोशनी फोनवर म्हणाली, "मले नको बाबा, त्यालेच देऊन टाका." नको असलं तरी निम्मं तिचं. सोडायचं तर तिने आपल्या हाताने सोडावं. मधे कोणी शहाणपणा करू नये.

३) बँकेतली ठेव दोघांना सारखी. माझी बायको सिंधू हिची शिलाई मशीन सूनबाई दिपाली हिला. ती मशीन पायाने चालवावी, तिला मोटर लावू नये. माझ्यामागे जेवणावळ नको. विहारात त्रिशरण-पंचशील घ्यावं, आलेल्यांना चहा द्यावा, आणि चहात साखर कमी टाकून काटकसर करू नये. एकतीस वर्षं गुळाच्या वासात काढली आहेत मी.

४) भट्टीतला जाळ सारायची लोखंडी सळई विक्कीला. कुऱ्हाडही विक्कीलाच, पण ती मागच्या गल्लीतल्या रुपरावकडे २०१९ पासून पडली आहे. मागितली की म्हणतो, "देतो ना गा, मी का पळून जाऊन राहिलो?" रुपरावला मी माफ केलेलं नाही. आधी कुऱ्हाड आणून द्यावी, मग बघू.

५) आता मुद्द्याचं.

गेल्या महिन्यात, रविवारी संध्याकाळी सात वाजता रोशनीचा व्हिडिओ कॉल आला. ती कॅनडात नर्स आहे. तिथे थंडी सरताना मेपल नावाच्या झाडाला भोक पाडून रस काढतात आणि तो दिवसभर कढवून त्याचा पाक करतात. चव आपल्या काकवीच्या जवळची, असं ती म्हणते. त्यांची तेव्हा सकाळ होती. शेजारच्या म्हाताऱ्याने चार लोक बोलावले होते आणि त्याची चूलच पेटत नव्हती. खाली बर्फ, लाकडं दमट, वर कढईभर रस गार पडलेला.

"बाबा, लवकर सांगा, हे लोक पेट्रोल टाकून राहिले!"

"डबा दूर ठेवाले सांग त्यायले! रसाले वास लागते!" मी एवढ्याने ओरडलो की शेजारी दार उघडून बघायला लागले.

मग तिला एकेक सांगत गेलो. आधी जाड लाकडांचा पाट टाक, बर्फावर जाळ बसत नाही. जमिनीवरच्या काड्या उचलू नको, झाडावरच वाळलेल्या तोड. ओंडका फोड, बाहेरून ओला असला तरी आत कोरडा निघतो, त्याच्या बोटाएवढ्या फोडी कर. घरातला एखादा कोरडा खोका फाड. वारा जिकडून येतो तिकडून काडी लाव. एवढं केलं तर दहा मिनिटांत जाळ धरतो, माझी आजवर कधी चूक झाली नाही. पोरीने मोबाइल धरून सगळं केलं. मीही शांतपणे सांगितलं, जे माझ्या स्वभावात नाही.

"नाही पेटून राहिलं, बाबा."

"दाखव."

तिने दाखवलं. गच्च भरलं होतं, विटा रचाव्या तसं.

"एवढं दाबून काहून भरलं वं? हवा कुठून जाईन त्याच्यात?" मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता खुर्चीवरून उठून उभा राहिलो. तिला म्हटलं, मधली तीन लाकडं ओढ. तिने ओढली आणि लगेच पेटलं. तिकडे लोक टाळ्या वाजवत होते, त्या म्हाताऱ्याने मला हात जोडले. मी फोन कधी ठेवला ते आठवत नाही. तेव्हापासून मला चैन नाही. घरातल्या घरात फेऱ्या मारतो आहे.

६) माझी बायको सिंधू १७ जुलै २०२२ रोजी गेली. चार दिवसांची झड लागलेली, घाटावर सगळं लाकूड ओलं. रचायला माणसं होती, पण मी कोणाला हात लावू दिला नाही. जन्मभर जाळ लावणारा माणूस मी, बायकोची चिता दुसऱ्याला रचू देईन? मी रचली. सिंधूची पाठ फार दुखायची. कापूस वेचून वेचून कंबर कामातून गेली होती, गादीखाली चादरीची घडी आली तरी तिला झोप नसायची. म्हणून मी लाकडं निवडून निवडून सपाट बसवली. जिथे फट दिसली तिथे बारीक फोड ठोकून भरली. एका लाकडाची गाठ वर येत होती, ते लाकूडच बदललं. मी तिच्यासाठी बिछाना करत होतो. जाळाचं भानच राहिलं नाही.

विक्कीने अग्नी दिला. पेटेना. पुन्हा दिला, नुसता धूर. पाऊण तास गेला. लोक घड्याळं बघायला लागले, मागून कोणी काहीबाही बोलायला लागलं. पोरगा चिंब भिजलेला, रडत होता. शेवटी कोणाच्या तरी गाडीतून डिझेल आणून त्याने ओतलं, तेव्हा पेटलं. आणि मी सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. म्हणालो, "जाळव्याच्या पोटचा हायेस आन् मायले डिझेल टाकून जाळतेस? माझ्या चितेले हात लावू नको!"

त्याने डिझेलचा रिकामा डबा उचलून बाजूला नेऊन ठेवला. त्यानंतर पावणेतीन वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही. तो मिहानला कंपनीत आहे, बेसा भागात भाड्याने राहतो. दर महिन्याला माझ्या गोळ्या आणून दाराशी ठेवतो आणि जातो. मी आतून बघतो, उठत नाही.

तर मी लेखी देतो की चूक माझी होती. लाकूड ओलं होतं हे खरं, पण मोकळं रचलं असतं तर उशिरा का होईना पेटलं असतं. डिझेल त्याने ओतलं, पण ती वेळ त्याच्यावर मी आणली. माझ्या सिंधूला मीच नीट जाळ देऊ शकलो नाही, आणि मार माझ्या पोराने खाल्ला. मला याची फार लाज वाटते.

७) म्हणून माझी चिता विक्कीनेच रचावी आणि विक्कीनेच पेटवावी. अश्विनने राग मानू नये, त्याला तसाही धुराचा त्रास आहे. रचताना माझ्या पाठीचा विचार करू नये, माझी पाठ ठणठणीत आहे.

८) वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मी गेल्यावर वाचून मला काय कळणार? माझ्याने तेवढं थांबवत नाही. उद्या रविवार, सकाळी दहा वाजता, मी जिवंत असताना, माझ्याच घरात, हे मी स्वतः विक्कीला वाचून दाखवणार आहे. कायद्यात बसत नसेल तर कायद्याने बघून घ्यावं.

९) हे कलम नमुन्यात नाही. साक्षीदार येऊन बसले, त्यांच्यासमोरच मी विक्कीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? पडले का?"

"नाही पडलो. उद्या घरी ये. मृत्युपत्र वाचून दाखवायचं हाय."

मागे कंपनीतल्या मशीनचा आवाज येत होता. मशीनपासून लांब जाऊन तो म्हणाला, "मायच्या लाकडाचं हाय का?"

"तुले माहीत होतं?"

"मी खाली वाकून पेटवून राहिलो होतो ना, बाबा. दिसत होतं सगळं. लोकायसमोर काय सांगू, माह्या बापानं चुकीचं रचलं म्हणून?"

मी फोन कानापासून काढला. साक्षीला आलेल्या शेजारच्या वच्छलाबाईंनी तो हातात घेतला. तो उद्यापर्यंत थांबत नाही म्हणाला, सुट्टी टाकून निघाला आहे. म्हणून हे इथेच पुरं करतो.

लिहून ठेवणार: देवाजी लहानुजी गजघाटे (सही)

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की, देवाजी यांनी वरील मजकूर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांचा या मिळकतीत काही हिस्सा नाही. सही करताना ते रडत होते, परंतु त्यांच्यावर कोणाचंही दडपण नव्हतं.

साक्षीदार १: वच्छला रामटेके, निवृत्त परिचारिका, शेजारी (सही)
साक्षीदार २: प्रेमानंद ढोके, निवृत्त शिक्षक (सही)

स्थळ: नागपूर
दिनांक: ५ एप्रिल २०२५, शनिवार, दुपारी सव्वाबारा