डोक्यांची मापं

रविवार, ९ मार्च

दादा,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. माफ कर. उशिराची माफी मागायला सोपी असते, म्हणून ती आधी उरकून घेते.

इकडे सगळं ठीक. माझी टाच पुन्हा दुखते आहे. कारखान्यात आमच्या तपासणी खात्यात नवं मोजणीयंत्र आलंय, पण मी अजून माझा जुना व्हर्नियरच हातात धरते. साहेब म्हणतात, "बाई, यंत्र काय शोभेला आणलंय?" वहिनीला सांग, तिने दिलेलं गुलाबाचं कलम जगलं.

पत्रास कारण असं की मी संतापले आहे. दुपारपासून दोनदा घर झाडून झालं तरी राग उतरत नाही. आधी कोणावर ते सांगते. तसं सांगायला सोपं जाईल.

आज आमच्या संग्राहक मंडळाची बैठक होती, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. फळ्यावर विषय लिहिला होता : 'सप्तसागरचे खलाशी शिळे झाले आहेत काय?' तेहतीस वर्षं दरवर्षी बारा नवे खेळण्यातले खलाशी निघतात, एकेका डब्यात एकेक. माणसांची लग्नं एवढी टिकत नाहीत. आणि हे पंधरा जण, ज्यांची घरं त्या खलाशांनी भरलीत, ते बाह्या सरसावून बसले होते.

अध्यक्ष आमचे 'सीलबंद'. निवृत्त दंतवैद्य आहेत, आणि जन्मात एकही डबा उघडलेला नाही म्हणून हे नाव. त्यांनी उभं राहूनच सुरुवात केली, "शिळ्या कढीला ऊत आहे हा सगळा!"

"अहो, पण तुम्ही चाखलीत कधी?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "तुमचे डबे तर बंदच. दवाखान्यातही पेशंटचं तोंड न उघडताच दात काढत होतात का?"

सगळे हसले. मीही हसले. मग सीलबंदांनी आमच्या मंडळाचा ऑगस्टचा अंक उंच धरला. "मी कशाला उघडू? पुरावा आहे ना! मोजून-मापून दिलेला पुरावा!"

तो पुरावा म्हणजे माझा लेख. तुला तो पाठ असेल. गेल्या पाच वर्षांतल्या साठ खलाशांपैकी एक्केचाळिसांची डोकी जुनीच आहेत. नवा रंग, नवी टोपी, पण साचा जुना. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत जुळणारी.

मग एकेकाला कंठ फुटला. आमच्यात एक बसड्रायव्हर आहे, त्याच्याकडे पहिल्या वर्षापासूनचे सगळे तीनशे शहाण्णव आहेत. तो म्हणाला, "तो मेणवाला आळशी झालाय, दुसरं काय! पगार चालू, हात बंद."

मेणवाला म्हणजे जो खलाशांचे मूळ नमुने मेणात कोरतो तो. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. डब्यावर छापत नाहीत.

हात बंद! अरे, तेहतीस वर्षं ज्याच्या हातावर तुम्ही बालपणं काढलीत, त्याला विचारलंत का एकदा तरी, बाबा रे, बरा आहेस ना? फुकटचा न्याय करायला सगळे पुढे. दर वर्षी नवीन हवं, आणि नवीन आलं की "पहिल्यासारखं नाही" म्हणून नाक मुरडायचं. हे सगळं मी मनात बोलले. तोंडातून चकार शब्द नाही.

ठराव झाला. सप्तसागरच्या कारखान्याला पत्र जाणार : मेणवाला बदला, नाहीतर पुढच्या वर्षीचे खलाशी मंडळातला कोणीही घेणार नाही. सोबत माझा लेख. उद्या दुपारच्या टपालाने सीलबंद ते पाठवणार आहेत.

आता तुझ्यावरचा राग. लेख छापून आल्यावर मी तुला अंक पाठवला, आणि तुझं कार्ड आलं. तीनच शब्द : 'मोजमाप बरोबर आहे.' बस्स? दादा, लहानपणी मी तुझा एक खलाशी उलटा धरला तरी तू तासभर भांडायचास. तू पहिलं डोकं कोरलंस तेव्हा मला उठवून विचारलं होतंस, "हा रागावलाय की रडणार आहे, सांग?" तो तू, आणि तीन शब्द! एक शिवी लिहिली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात असते.

असं मी सात महिने स्वतःला सांगत आले. ते खरं नाही.

गुरुवारी वहिनीचा फोन आला. तुला तिने सांगितलं नसेल. ती म्हणाली, "ताई, तुमचा अंक ह्यांच्या साहेबांच्या टेबलावर उघडा पडलाय. मंडळाचं म्हणणं कळलं की नोकरीचं ठरवू, असं ह्यांना सांगितलंय."

मी विचारलं, "हाताचं त्यांना माहीत आहे?"

ती हळूच म्हणाली, "हाताचं तुम्हाला माहीत आहे?"

मी फोन ठेवून दिला.

तर लिहितेच आता. जुलैत तू माझ्याकडे जेवायला आलास, तेव्हा तुझ्या चष्म्याचा स्क्रू निघाला होता. तू तो माझ्यापुढे सरकवलास. "तू बसव गं, इथे उजेड नाही." भर दुपारी, खिडकीशेजारी. ज्याने गव्हाच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर सुईने डोळे कोरले तो मला म्हणतो उजेड नाही! मी स्क्रू बसवला. पाण्याचा पेला तू दोन्ही हातांनी उचललास, तोही पाहिला. आणि काही विचारलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी व्हर्नियर घेऊन बसले.

का? हा प्रश्न मी वहीत अकरा वेळा लिहिलाय, दर वेळी उत्तर निराळं. एकदा लिहिलं, सत्य ते सत्य. एकदा लिहिलं, मला राग आला होता की तू मला सांगितलं नाहीस. पण आज सकाळी लिहिलेलं मला सगळ्यांत खरं वाटतं, म्हणून तेच देते : खलाशांबद्दल तू न सांगता मला कळलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती मला मंडळात मिरवायची होती.

आमच्या खात्यात एक नियम आहे. तपासायचा भाग ज्याने बनवला तो आपल्या नात्यातला असेल, तर अहवालाच्या माथ्यावर तसं लिहायचं. त्याने माप बदलत नाही. वाचणाऱ्याला फक्त कळतं, मोजणारी कुठे उभी राहून मोजते आहे. अठरा वर्षं मी तो नियम पाळला. लेखाच्या माथ्यावर मी काहीही लिहिलं नाही. मंडळात आजही कोणाला ठाऊक नाही.

आणि त्या ठरावावर सातवी सही माझी आहे. गुरुवारी वहिनीशी बोलून, रविवारी सही. कागद फिरत फिरत आला, लेख माझा, आकडे खरे, मग सही न करायला कारण काय सांगायचं? कारण सांगायला एक वाक्य लागलं असतं. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

घरी आले आणि चडफडत कपाट उघडलं. तुला हसू येईल, किंवा येणारही नाही. मोजताना मी डबे पूर्ण उघडलेच नव्हते. मंडळात राहून मलाही तो रोग जडलाय. प्रत्येक डब्याचं फक्त वरचं झाकण अलगद सोडवलं, खलाशाला मानेपर्यंत वर ओढलं, डोकं मोजलं, पुन्हा आत ढकलून झाकण चिकटवलं. साठच्या साठ. म्हणजे डबा 'जवळजवळ सीलबंद' राहतो!

आज मी ते सगळे फाडले. खलाशी बाहेर काढून जमिनीवर मांडले, आणि त्यांच्या पाठी पाहिल्या.

जुन्या खलाशांच्या पाठी सपाट आहेत. तेव्हा तुझा सगळा जीव चेहऱ्यात होता, पाठ म्हणजे नुसती भिंतीला टेकायची बाजू. आणि हे नवे? स्वयंपाक्याची पाठ दिवसभर वाकून दुखते आहे. सुकाणूवाल्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे. एक जण कोणाला तरी सोडून निघालाय, आणि वळून न बघण्यासाठी त्याला किती जोर लावावा लागतोय ते त्याच्या मानेखाली दिसतं. डोकं जुनं, हसरं. पाठ सगळं सांगते. हे सुईचं काम नाही, अंगठ्याने मेण दाबून केलेलं आहे. थरथरणाऱ्या अंगठ्यानेही होणारं. एकेक पाठ निराळी, दादा, साठांतल्या कोणत्याही दोन सारख्या नाहीत. आणि डब्यात त्यांच्यामागे पुठ्ठा असतो.

मी डोकी मोजली कारण डोकं व्हर्नियरमध्ये बसतं.

तरीही माझे आकडे खरे आहेत आणि ते मी मागे घेणार नाही. घेतले तर तूच मला हसशील. चेहरे शिळे झालेत. पण तू का बोलला नाहीस? निदान मला? पाच वर्षं तू पुठ्ठ्यामागे हे करत बसलास, आणि एक माणूस असा नव्हता का, ज्याला म्हणावं, अगं, उलटा करून बघ? हा राग मी ठेवणार आहे. तो तुझ्या हक्काचा आहे.

तुझ्या हाताबद्दल मी कोणापाशी बोलणार नाही. ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे तेवढंच मी सांगेन. त्याने तुझी नोकरी वाचेल असं मला वाटत नाही, कदाचित मंडळातून मात्र माझी हकालपट्टी होईल. सीलबंद म्हणतील, "बाई, सात महिने झोपला होतात का?" आणि ते बरोबरच असेल.

वहिनीला रागावू नकोस. उत्तर लिहायला जमत नसेल तर तिच्याकडून लिहून घे, पण तीन शब्दांत भागवू नकोस.

जिने मोजलं, पण पाहिलं नाही, ती तुझी
धाकटी

उद्याचं काम : दुपारचं टपाल निघायच्या आत सीलबंदांच्या घरी जाऊन सांगणे, मेणवाला माझा सख्खा भाऊ आहे.