ताट की पान

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

वि.शिवाय आणखी एक पोळा. गजूने बैल दारात आणले, मी ओवाळलं. पहिला नारळ मोठ्या भावाने फोडायचा, म्हणून माझा हा दीर दरवर्षी एक नारळ वि.च्या नावाने बाजूला ठेवतो आणि स्वतः दुसरा फोडतो. जुने सगळे कोठीत पडलेत. हलवले की आत खडखडतात.

जेवायला बसताना आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नेहमीसारखं वि.चं ताट वाढलं. पुरणपोळी, वरून तूप. मग त्या ताटाकडे बघतच राहिल्या.
"रेखा, तू शिकेल हाय, तूच सांग. याले जित्याचं ताट वाढू का मेल्याचं पान टाकू? माहा लेक मधातच उपाशी फिरून राह्यला."
गजू हात धुवायला उठून गेला. ते ताट शेवटी मीच खाल्लं. दरवर्षी मीच खाते.

२३ ऑगस्ट, शनि.

सकाळी मारबत. पोरं दारादारांतल्या पळसाच्या फांद्या उचलून गावाबाहेर टाकायला निघाली. "माश्या, डास, रोगराई, भूतबाधा घेऊन जाय गे मारबत!" आमच्या दाराशी आल्यावर आईंनी घाईने दार लोटलं आणि आतून पुटपुटल्या, "आमचं राहू दे व माय. आमचं नको नेऊ."

मला आधी हसू आलं. मग चुलीपाशी जाऊन रडले. दोन्ही खरं.

२८ ऑगस्ट, गुरु.

वि.ची हरवल्याची पत्रकं काल पुन्हा काढली, जुनी उन्हाने पिवळी पडली म्हणून. तेव्हापासून माझ्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन बिघडलंय. एक बाई जातीच्या दाखल्याची प्रत हातात धरून उभी. "ताई, माह्या दाखल्यावर हा मानूस कोन हाय?" पाहिलं तर कोपऱ्यात फिकट मिशी आणि एक कान.

यवतमाळचा मेकॅनिक दुपारी आला. "ड्रम गेला म्याडम. मागचं छापेल पुढच्यावर उतरते. आम्ही याले भूतच म्हनतो. बदलून घ्या." म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. त्याला वाटलं मी चिकट आहे. वाटू दे.

दिवसभर आर्णीतल्या लोकांच्या सातबाऱ्यावर, मार्कशीटवर वि.चा कान जात राहिला. कोणी तक्रार केली तर दुसरी प्रत काढून देते आणि ती खराब प्रत ठेवून घेते.

१ सप्टें., सोम.

शेजारची काजल प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला आली. डोळे सुजलेले. काय झालं गं?
"त्यानं मले घोस्ट केलं, काकू."
म्हणजे काय ते मला कळेना. "भांडण नाई, काही नाई. एक दिवस फोन उचलनंच बंद. मेसेज वाचते, उत्तर नाई. याले घोस्ट करनं म्हनतात."
मी हसले. "हसून काहून राह्यल्या?"
"अगं, मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं, मला झालंय काय ते."
बिचारी गोरीमोरी झाली. पोरगी गुणी आहे. तिचं दुःख मी उगाच खेचून घेतलं. पण तिचा तो मेसेज वाचतो तरी.

वि. वणीला तार आणायला म्हणून गेला. आज जिथे झेरॉक्स आहे तिथेच त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरायचा, कामाचं भूत चढलं की जेवायचं भान नसायचं. त्या दिवशी डब्यात भेंडी दिली होती. मग फोन बंद. भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, धरून बसायला काही तरी मिळालं असतं.

४ सप्टें., गुरु.

आईंनी गजूकरवी पूजा सांगणाऱ्या महाराजांना विचारलं. हरवलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, नदीवर नेऊन जाळतात. मग तो रीतसर मेलेला. पितृपक्षात त्याला पान टाकता येतं. आईंना तेवढंच हवंय. त्याला खाऊ घालायचंय.

गजू खाली मान घालून सांगत होता. "पन वहिनी, एक हाय. पुतळा जाळला अन् मंग तो आलाच, त त्याले घरात घेता नाई येत. भूत समजाचं. दारातूनच वापस."
"आणि तो जिवंत असेल तर?"
"म्हनून त तुमाले इचारून राह्यलो."

माझ्या होकाराशिवाय करणार नाहीत. असे सासरचे मिळाले हे माझं नशीब. वाईट असते तर भांडता आलं असतं. म्हटलं, सर्वपित्रीपर्यंत थांबा.

९ सप्टें., मंगळ.

कोळशाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर आर.सी. बुकची झेरॉक्स काढायला थांबला. भिंतीवरचं पत्रक बघून सहज म्हणाला, "हा त राजूरचा भूत दिसते."
माझ्या हातातला कागद मशीनमध्ये तिरपा गेला. विचारलं, कोण भूत? चुनाभट्टीवर एक माणूस होता, बोलत नाही, मंदाबाईच्या टपरीवर बसायचा, म्हणे. पक्कं नाही सांगता येत. "डोये तसेच हायेत, बस."

घरी सांगितलं नाही. झोप नाही.

११ सप्टें., गुरु.

राजूर. यवतमाळला गाडी बदलून वणी, पुढे ऑटो. रस्त्याच्या एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला चुन्याच्या भट्ट्या. काळी माणसं आणि पांढरी माणसं एकाच बाकड्यावर चहा पितात.

मंदाबाईने पत्रक लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं. "असन बी, नसन बी. चुन्याखालचा मानूस पाह्यला कोनं? डोक्यापासून पायापरेंत पांढरा. लेकरं भूत म्हनत, मंग आमी बी भूतच म्हनो. चा पेला का कप धुऊन ठेवे."
आता कुठे आहे?
"पोयाच्या आंधी गेला. मालूम नाई कोठं. चपला बी इथंच राह्यल्या."

बाकड्याखालून तिने काढून दिल्या. रबरी, चुन्याने भरलेल्या, नंबर झिजून गेलेला. डाव्या चपलेचा तुटलेला पट्टा तांब्याच्या तारेने बांधलेला. वेढे एकसारखे, अगदी लगटून, आणि तारेचं टोक आत वळवलेलं, टोचू नये म्हणून. वि. असंच करायचा. आमची चाळणी, छत्री, माझ्या पर्सचा बंद, सगळ्यांना टोक आत.

पण तांब्याची तार कुठेही मिळते. टोक आत वळवायची अक्कल देवाने एकट्या वि.ला दिलेली नाही. हे मी मंदाबाईलाच ऐकवलं, जशी काही ती माझ्याशी वाद घालत होती. ती म्हणाली, "घेऊन जा बाई. तो काई आता येत नाई. आला त फोन लावीन." नंबर लिहून दिला. भट्ट्यांवर हिंडले, सगळ्यांना पत्रक दाखवलं. सगळे भूत म्हणाले, नाव कोणाला माहीत नाही.

परतीच्या गाडीत चपला मांडीवर, पत्रकातच गुंडाळून. शेजारची बाई नाक मुरडत होती.

१२ सप्टें., शुक्र.

चपला आईंसमोर ठेवल्या. त्यांनी तारेवरून अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाल्या, "त्याच्याच हायेत."
गजू उभाच राहिला. "मंग त तो जिता हाय, आई!"
आईंनी चपला जवळ ओढल्या. मग हळूच, चपलांकडे बघत, "जिता असता त घरी आला असता. जिता राहून येत नसन, त मले नको सांगू. मेला म्हन. मेल्याचा राग नाई येत."

मला त्यांचा संताप आला. बाई, लेक आहे तुमचा. पण कालच्या गाडीत, वणीपासून यवतमाळपर्यंत, मीही दुसरं काय घोकत होते? एकतर तो मेला. नाहीतर त्याने चप्पल नीट सांधली, चहा प्यायला, कप धुतला, आणि माझ्याकडे आला नाही. यातलं कुठलं मागू देवाकडे? मेलेला मागितला. हो, मागितला. इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही.

की त्याचं डोकं फिरलंय, काही आठवत नाही? मग तार कशी आठवते? पुढे विचार

१५ सप्टें., सोम.

पुसदहून बाबांचा फोन. "किती दिवस भूत सांभाळशीन, बेटा? तुहं वय काय?" मी ठेवून दिला. आणखी एकदा राजूरला जावं असं मनात आलं. मंदाबाईला फोन केला. नाही आला, म्हणाली.

संध्याकाळी गजूला म्हटलं, करा पुतळा.
तो "बरं" म्हणाला आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

मेकॅनिकला बोलावून ड्रम बदलून घेतला. कागद स्वच्छ येतात.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री.

पुतळ्याची पानं मीच टाचली. गजूला जमत नाही. कोठीतून वि.च्या नावाचा एक नारळ आणला, डोक्याच्या जागी बांधला. चौकड्यांचा शर्ट घातला. त्याचे घरात होते ते सगळे कपडे, जोडे दान देऊन टाकले. आईंनी राजूरच्या चपला आणून पायाशी बांधायला लावल्या. "अनवानी नको धाडू त्याले."

बायका नदीवर जात नाहीत. मी गेले, कोणी अडवलं नाही. अरुणावतीला पाणी बऱ्यापैकी. ओली पानं आधी नुसती धुरकटली, मग रबराचा वास सुटला. नारळ फुटला तेव्हा गजू लहान मुलासारखा ओरडून रडला. महाराजांनी त्याच्याकडून म्हणवून घेतलं, आता हा या घराचा नाही.

बांगड्या फोडू दिल्या नाहीत, काढून ठेवल्या. मंगळसूत्र आईंनी काढलं. त्यांना आकडा निघेना, मीच वळून दाखवला.

मग गच्चीवर वि.चं पान. कावळा लगेच शिवला. कावळ्याला भूक होती, एवढंच मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. कारण आई त्यानंतर जेवायला बसल्या आणि मागून मागून जेवल्या. मी या घरात आल्यापासून त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी देवघराच्या खोलीत पीठ चाळून पसरलं, टोपल्याखाली झाकलं, बाजूला दिवा लावला. गेलेल्याचं पाऊल सकाळी त्यात उठतं. ज्या प्राण्याचं पाऊल, तो त्याचा पुढचा जन्म.

२२ सप्टें., सोम.

गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या बोलावल्या होत्या. टोपलं उचललं. पीठ जसंच्या तसं, हात फिरवल्यासारखं सपाट. सगळ्या वाकून बघत राहिल्या. मग एकीला कडेला बारीक रेघ दिसली. "मुंगी. मुंगीच्या जल्माले गेला बाप्पा." दुसरीने हात जोडले. आईंनीही जोडले.

वि. मुंगी झाला. एका जागी बसवत नव्हतं त्याला, तेवढं जुळतं.
मला रेघ दिसली नाही. पीठ भरून ठेवताना पुन्हा नीट पाहिलं. काही नव्हतं.

२५ सप्टें., गुरु.

नवरात्र बसलंय. समोरच्या घरी हळदीकुंकू, मला बोलावणं नाही. त्यांची चूक नाही. काजल मात्र मुद्दाम दुकानात येऊन बसली, दोन कागदांच्या प्रिंट काढायला तासभर लावला. तिचा तो परत मेसेज करू लागलाय. ती उत्तर देत नाही.

ती गेल्यावर फोन वाजला. "बाई, मी राजूरची मंदा. तुमचं भूत वापस आलं. कालपासून बाकड्याखाली वाकून वाकून पाहून राह्यलं. चपला मांगते."
"बोलला?"
"नाई. पाय दाखवते नुसते. फुटले हायेत पाय."
म्हटलं, त्याच्याकडे फोन द्या.

ट्रकचा आवाज. कोणाचा तरी श्वास. मी म्हटलं, विनोद. मग म्हटलं, मी रेखा, आर्णीहून. श्वास तसाच. मग परत मंदाबाई. "कानाले लावला, आयकलं, अन् वापस देल्ला. आता कप धुऊन राह्यला. चपला आनून देता का? गरिबाच्या हायेत."
आणते म्हटलं.

घरी आईंनी विचारलं, मघाशी तुझा फोन गुंतलेला होता, कोणाचा होता? रॉंग नंबर, म्हटलं. त्यांनी तीन ताटं वाढली. त्यांचं, गजूचं, माझं. भाकरी कुस्करून शांतपणे जेवल्या, मला म्हणाल्या, "तू बी घे व अजून अर्धी." चेहरा कसा हलका झालाय त्यांचा. मी बघत बसले. आत्ता सांगितलं तर

तो आहे का, हेही माहीत नाही. असला तर दारात आणता येणार नाही. नसला तर कोण्या दुसऱ्याच गरिबाच्या चपला आम्ही जाळल्या.

उद्या सकाळची यवतमाळ गाडी. जेवण झाल्यावर चपलांच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने विचारलं, कितवा नंबर? आठ की नऊ, मला आठवेना. घरात त्याचा एकही जोड राहिलेला नाही. आईंना नक्की माहीत असणार. पण त्यांना विचारता येत नाही.