दुसऱ्या ठोक्याला

गुरु., ९ जानेवारी
नेमबाजीच्या क्लबमधून आले. कशात मन नाही. हॉर्स्टकाकांच्या पिस्तुलानं आज तीनदा दगा दिला. घोडा पडला, नुसतं टक्. काकांनी शिस्तीत नळी निशाणाकडेच धरली, थांबले, मग अंगठ्यानं घोडा परत ओढला आणि तीच गोळी उडाली. तिन्ही वेळा असंच.

कारण मला तिथल्या तिथे कळलं. कळायलाच हवं, शिकवलंय त्यांनीच. काडतुसाच्या बुडाशी एवढीशी टोपी असते. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी. टोपी तळापर्यंत टेकली नसेल तर पहिला ठोका तिला नुसता आत ढकलतो, उडते ती दुसऱ्याला. "दुसऱ्या ठोक्याला उडाली तर दोष टोपीचा नाही, बसवणाऱ्याचा." हे त्यांचंच वाक्य. घरी काडतुसं भरायचा परवाना काढला तेव्हा त्यांच्या तळघरात बसून पाठ केलं होतं मी.

आणि काका काडतुसं घरी स्वतःच भरतात. त्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो. कॉफीचा कप बशीवर वाजतो.

मलाच विचारलं त्यांनी, "तुला काय वाटतं?" तर मी म्हणाले, "टोप्यांचा डबाच खराब निघाला असेल." धन्य तुझी, अश्विनी!

शनि., ११ जाने.
नि.ला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. तो हसला. म्हणे, "ऑफिसात लोकांच्या कोडमधल्या चुका काढायचा पगार घेतेस, आणि इथे तोंडाला कुलूप?"
अरे, तिथे कुणी काका नसतो.

क्लबात सगळेच एकमेकांना डू, म्हणजे 'तू' म्हणतात. मीही तोंडानं हॉर्स्ट म्हणते, पण पंच्याहत्तरीच्या माणसाला मनातून अरेतुरे कुठलं जमायला? जर्मनीत, वाल्डॉर्फला नवीन होतो, पहिल्या दिवशी क्लबात सगळे माझ्याकडे नुसते बघत होते. या एका माणसानं खुर्ची सरकवली आणि म्हणाला, बस. त्यांची बायको गेल्यापासून गुरुवारशिवाय त्यांना आहे काय? त्या माणसाला सांगू, की तुमच्याच्यानं आता टोपी बसत नाही?

सासूबाई आल्यात ना तीन महिन्यांसाठी, त्यांचं मत माझ्या बाजूनं पडलं. "वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर असं कुणी बोलतं का?"
आमटी आजही खारट. दोघांनी निमूट गिळली. "छान झालीय हं, आई."

गुरु., १६ जाने.
काका तावातावानं आले. टोप्या विकणाऱ्या वोल्फगांगशी कडाक्याचं भांडून नवा डबा घेतलाय. जुना मित्र त्यांचा, त्याला चोर म्हणाले. आणि वर माझ्या खांद्यावर थोपटून, "गेनाऊ, अगदी! तू बरोबर ओळखलंस."
धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

पहिल्या पाच नीट उडाल्या. मी मनात गणपतीला हात जोडले. सहावी: टक्. मग दुसऱ्या ठोक्याला धाड. सगळ्यांनी ऐकलं, कुणी वर बघितलं नाही. शेवटी रेंज सांभाळणारी झाबीन आली. म्हणाली, "हॉर्स्ट, पुन्हा असं झालं तर घरच्या गोळ्या बंद. विकतच्या आणायच्या." चूक काही नाही तिचं, जिवाशी खेळ आहे. पण काकांना विकतच्या गोळ्या म्हणजे आईंना होळीला विकतची पुरणपोळी.
निघताना माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी पिशवीची चेन लावत बसले.

रवि., १९ जाने.
घरात रामायण. खालच्या फ्राऊ केलरना जेवायला बोलावलं होतं. आमटीचा एक घास घेतला आणि बाईंनी सरळ सांगितलं, फार खारट आहे. नि.नं भाषांतर करताना "त्यांना सवय नाही" वगैरे घोळ घातला. पण आईंना तोंड वाचता येतं.

त्या गेल्यावर आई माझ्याकडे वळल्या. "कधीपासून?"
"अहो आई, तसं काही..."
"कधीपासून?"
"आलात तेव्हापासून."
"मला चव लागत नाही, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही छान छान म्हणत राहिलात आणि मी मीठ घालत राहिले. परकी होते का मी?"
रडल्या. मीही. मग भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता, "त्या तुझ्या काकांचं मी चुकीचं सांगितलं. जा आणि सांग."

मंगळ., २१ जाने.
सांगितलं. जर्मन वाक्यं गाडीत घोकून गेले होते, त्यांच्या स्वयंपाकघरात सगळी उडाली. "टोप्या चांगल्या आहेत. पूर्ण बसत नाहीत. हातामुळे." एवढंच आलं.

काकांनी उजवा हात डाव्याखाली झाकला. मग, "पहिल्या दिवशीच कळलं होतं तुला?"
"हो."
"आणि मी वोल्फगांगला चोर म्हणालो."
ओरडले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, आता घरी जा.
गाडीत बसून भोकाड पसरलं. फार लागलं मला. त्यांना किती लागलं असेल.

गुरु., २३ जाने.
काका आले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. मी सगळे नेम वाया घालवले.

शनि., २५ जाने.
सकाळी फोन. "ये. रेंजवरचा चष्मा घेऊन ये." फोन बंद.

तळघरात टेबल लख्ख पुसलेलं. बंदुकीच्या दारूची बाटली बाहेर नव्हतीच, नुसती रिकामी काडतुसं, टोप्या आणि टोप्या दाबून बसवायचा तो जुना दांड्याचा प्रेस. वोल्फगांगकडे जाऊन माफी मागून आले होते. "माझा परवाना परत द्यायचा की नाही, ते मी ठरवीन. पण आधी बघू दे मला. मी बसवतो, तू तपास. आणि हे बघ, तुझी ती नम्रता वर ठेवून ये."

पहिली बसवली. हात थरथरत होता. मी बुडावरून बोट फिरवलं. टोपीची कड बोटाला लागली.
"बसली?"
जवळजवळ, असं अगदी ओठांवर आलं होतं.
"नाही."
त्यांनी ती बाजूला ठेवली. दुसरी.
"नाही."
तिसरीला डावा हात उजव्यावर दाबून धरला. दात आवळून दांडा सावकाश खाली आणला. माझ्या हातात दिली. बोट फिरवलं. परत फिरवलं.
"बसली."
काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
"खरंच बसलीय, हॉर्स्ट."
तरी बघतच होते. मग काडतूस माझ्या हातातून घेतलं, स्वतःचं बोट फिरवून बघितलं आणि चौथं उचललं.